वासराचे लुचणे आणि मालकाचा हिशेब

पावसाळ्याच्या उत्तरार्धात कपिलधारचा धबधबा वाहता असतो, बालाघाटाच्या उतारांवर गवत वाढलेले असते, आणि ह्या डोंगरपट्ट्यातील व्यालेल्या गाई संध्याकाळी भरल्या कासेने गोठ्यांत परततात. वर्षातील हेच दिवस दुभत्याच्या भरभराटीचे. आणि सांगावयास वाईट वाटते, वासरांच्या हालाचेही बहुधा हेच. पुढे दिवाळी येते, तिच्यामागून कार्तिकी पौर्णिमेची कपिलधारची यात्रा येते. दुधास मागणी वाढते आणि जी वाढ कासंडीत दिसावी अशी प्रत्येकाची इच्छा असते, ती पुष्कळदा वासराच्या तोंडून काढून घेतलेली असते.

ह्याच दिवसांत शेतकरी बंधूंकडून काही ठरीव तक्रारी ऐकू येतात. कोणी म्हणतो, वासरू फार लुचते, त्याने गाय आटत चालली. कोणी म्हणतो, दोन वासरे एकत्र बांधली की एकमेकांचे कान आणि बेंबी चोखीत बसतात. कोणाची कालवड दावे तोडून रात्रीत गाय पिऊन टाकते, तर कोणाची वर्षाची झाली तरी दुसऱ्या गाईच्या कासेला तोंड लावते. ह्यांवर जे उपाय केले जातात तेही सर्वांस ठाऊक आहेत: काटेरी मुसके, आखूड दावे, काठी, आणि काही ठिकाणी सडांना शेणाचा लेप. आमचे म्हणणे असे आहे की, हे सर्व उपाय वासराला अपराधी समजून योजलेले आहेत आणि अपराध तर वासराचा नाही. लुचणे ही त्याची खोड नसून गरज आहे. ती वेळेवर आणि मापाने भागविली तर खोड लागत नाही; न भागविली तर ती भलत्या ठिकाणी भागवून घेण्यास वासरू शिकते. तेव्हा सुधारणा व्हावयाची ती मुसक्यात नव्हे, मालकाच्या हिशेबात झाली पाहिजे.

प्रथम ही गरज काय आहे ते पाहू. वासरू कासेखाली मान वर करून लुचते तेव्हा त्याच्या अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध कोटीपोटात, म्हणजे पुढे रवंथासाठी उपयोगी पडणाऱ्या मोठ्या पोटात, न उतरता सरळ चौथ्या पोटात जाते. तेथेच दुधाचे पचन होते. लुचताना सुटणारी लाळही दुधातील स्निग्धांश पचविण्यास साहाय्य करते. तेच वासरू जमिनीवर ठेवलेल्या बादलीतून घटाघटा दूध पिऊ लागले तर दुधाचा काही भाग कोटीपोटात सांडण्याचा, तेथे आंबण्याचा आणि त्यामुळे पोट फुगण्याचा किंवा हगवण लागण्याचा संभव असतो. शिवाय पोट भरले म्हणजे लुचण्याची इच्छा लगेच शमते असेही नाही. दुधाची चव जिभेला लागली की ही इच्छा जागी होते आणि दूध संपल्यावरही सुमारे दहा मिनिटे टिकते. कॅनडातील संशोधकांनी १९९३ साली असे दाखविले की, दूध पाजल्यानंतर वासराला नुसते कोरडे बोंड चोखावयास दिले तरी त्याच्या रक्तात पचनास उपयुक्त अशा द्रव्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे जे लुचणे आपणांस व्यर्थ वाटते तेही व्यर्थ नसते.

आता पहिल्या दिवसाकडे वळू, कारण पुढील सर्व गोष्टींचा पाया तेथेच घातला जातो. गाईच्या गर्भाशयातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत; ती सारी चिकातून मिळावयाची असतात, आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्यांची शक्ती जन्मापासून तासागणिक कमी होत जाऊन सुमारे चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून चीक पहिल्या दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या एकदशांशाइतका, म्हणजे २० किलोच्या गावरान वासराला दोन लिटर, गेला पाहिजे. असे असता आपल्याकडे जार पडेपर्यंत वासरू कासेला लावावयाचे नाही अशी समजूत अद्याप काही घरांत आहे. जार पडण्यास कित्येक तास लागतात. तेवढ्या अवधीत वासराची सर्वांत मोलाची वेळ निघून जाते. उलट वासराच्या लुचण्याने गर्भाशय आकुंचन पावून जार पडण्यास मदतच होते. दुसरी गोष्ट खरवसाची. खरवस कोणास आवडत नाही? परंतु शेजारी-पाजारी वाट्या पाठविण्याच्या हौसेत पहिल्या धारेचा चीक वासराआधी पातेल्यात जात असेल, तर त्या गोडाची किंमत फार पडते. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस करावा. त्याला आमची हरकत नाही.

चिकाचे दिवस संपले की वाट्याचा प्रश्न येतो, आणि येथेच आमच्या मते हिशेब चुकतो. ‘एक सड वासराला’ ही आपली जुनी रीत आहे. रीत दयाळू आहे. पण तिचे माप कोणी करून पाहिले आहे काय? दोन्ही वेळचे मिळून चार लिटर दूध देणारी गावरान गाय घ्या. कासेचे मागचे दोन सड पुढच्या दोहोंपेक्षा अधिक दूध देतात, आणि वासरासाठी राखला जातो तो सड पुष्कळदा पुढचा. तेव्हा वासराच्या वाट्यास दिवसास जेमतेम पाऊण-एक लिटर दूध येते. दुधावरील वासरास पहिल्या महिन्यात वजनाच्या एकदशांश, दुसऱ्यात एक-पंधरांश आणि तिसऱ्यात एक-विसांश दूध द्यावे असा सामान्य नियम आहे. २० किलोच्या वासराला एकदशांश म्हणजे दोन लिटर. ते ३० किलोचे झाले की एक-पंधरांश म्हणजे दोन लिटर. ४० किलोचे झाले की एक-विसांश म्हणजेही दोनच लिटर. म्हणजे तीन महिने आकडा दोन लिटरांचाच राहतो; वाढत्या अंगाची वाढती भूक कोवळ्या गवताने आणि खुराकाने भागवावयाची असते. एका सडाने हे माप निम्मेही भरत नाही. एक पुढचा आणि एक मागचा असे दोन सड राखले तरच ते भरते. अर्धपोटी राहिलेले वासरू दावे तोडते, माती चाटते, दुसऱ्याचे कान चोखते, आणि आपण त्यास ‘वाईट खोडीचे’ म्हणतो.

ह्यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. दिवसास दोन लिटर म्हणजे तीन महिन्यांत १८० लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर ५,४०० रुपये. लाल कंधारी गाय एका वेतात सरासरी सहाशे लिटरांच्या आसपास दूध देते, देवणी काहीशी अधिक. त्यातून इतके वासरालाच दिले तर घरी काय राहिले? आमचे उत्तर असे आहे. पहिली गोष्ट, आपल्या गावरान गाई वासरावाचून पान्हा सोडीत नाहीत. वासराचा स्पर्श, वास आणि लुचणे ह्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व त्यायोगे कासेतील दूध सडांत येते. त्याचा जोर थोड्याच मिनिटांत ओसरतो. गाय भ्यालेली, मार खाल्लेली किंवा वासरासाठी तळमळत असली तर ती पान्हा चोरते. वासरू दूर नेले अथवा मेले की अशा गाई पुष्कळदा वेळेआधीच आटतात. तेव्हा वासराचे दूध वाचवावयास जावे आणि गाईचेच दूध गमवावे असा प्रकार होतो. दुसरी गोष्ट, हाताने कितीही पिळले तरी कासेत काही दूध राहतेच. धारेनंतर वासरू सोडले म्हणजे ते हे राहिलेले दूध घेते. वासराने प्यालेले सारेच दूध किटलीतून गेले असे समजणे म्हणूनच बरोबर नाही. कास रिती झाल्याने दगडी होण्याचे भयही कमी होते.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धारेच्या आरंभीचे दूध पातळ असते आणि शेवटचे सर्वांत दाट. दुधाचा दर फॅटवर ठरतो. तेव्हा चारी सड अर्धेमुर्धे पिळून प्रत्येक सडातील शेवटचे दूध वासराला ठेवले तर किटलीतील फॅट घसरेल. आणि नुसते पान्हवण्यापुरते सुरुवातीचे दूध पाजून वासरू ओढून काढले तर वासराच्या पोटात पाणीच अधिक जाईल. दोन्ही बाजूंस न्याय द्यावयाचा तर राखलेले सड पूर्ण राखावे आणि पिळावयाचे सड शेवटच्या थेंबापर्यंत पिळावे. वासराला मिनिटभर चारी सड लावून गाय पान्हवावी, मग त्याला गाईच्या तोंडापाशी, तिला चाटता येईल असे बांधावे, पाच-सात मिनिटांत धार उरकावी, आणि नंतर वासरू सोडावे. राखावयाचे सड पाळीपाळीने बदलावे, म्हणजे कास एका अंगाला ओढत नाही.

गावरान गाईंपुरते हे झाले. परंतु आज आपल्या भागातही संकरित गाईंचे गोठे आहेत. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली, १९७० साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली, आणि पुढे होल्स्टिन व जर्सी रक्ताच्या गाई महाराष्ट्रभर पसरल्या. पहिल्या वेतापासून सवय लावली तर ह्या गाई वासरावाचून धार देतात. त्यामुळे वासरू जन्मताच वेगळे करून बादलीवर वाढविण्याची पद्धत आली. पद्धत वाईट नाही. माप मोजून देता येते हा तिचा मोठा गुण आहे. परंतु बादलीने वासराचे पोट भरते, लुचण्याची इच्छा भरत नाही. आणि चार-पाच वासरे एका कोंडवाड्यात मोकळी असली की ती इच्छा एकमेकांच्या अंगावर भागविली जाते. बेंबी चोखली की नाळ पिकते, तेथून विष अंगात भिनून सांधे सुजतात. अंगावरचे केस पोटात जाऊन त्यांचे गोळे बनतात. कालवडींचे कोवळे सड चोखले गेले तर त्यांना इजा होऊन पुढे विल्यावर एखादा सड आंधळा निघण्याचे भय असते. आणि ही सवय मुरली की काही गाई मोठ्या झाल्यावरही दुसऱ्या गाईचे, क्वचित स्वतःचेही, दूध पितात. अशा गाईला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही.

ह्यावर उपाय महागडे नाहीत. दूध बादलीऐवजी रबरी बोंड बसविलेल्या बाटलीने अथवा बादलीने, गाईच्या सडाइतक्या उंचीवर धरून पाजावे, म्हणजे मान वर राहते आणि पिण्यास वेळही लागतो. बोंडाचे भोक मोठे करू नये. गडीमाणसे काम लवकर उरकावे म्हणून ते कापतात, आणि तेथेच सारा हेतू फसतो. दूध संपल्यावर बोंड काही वेळ तोंडात राहू द्यावे. मग तोंड स्वच्छ पुसून वासरू पंधरा-वीस मिनिटे वेगळे बांधावे, जिभेला चिमूटभर मीठ लावावे आणि पुढ्यात मूठभर भरडा व वाळले गवत ठेवावे. दुसऱ्या आठवड्यापासून वासरू गवताच्या काड्या चघळू लागते. ह्या चघळण्यानेच त्याचे कोटीपोट लवकर जागे होते. नाळेला जन्मतःच टिंक्चर आयोडीन लावावे, आणि जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळीच द्यावे. बाटली व बोंड प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावे. न धुतलेली बाटली ही हगवणीची खाण होय.

आता तोडण्याचा, म्हणजे दूध बंद करण्याचा प्रश्न. आपल्याकडे वासरू तोडतात ते बहुधा एका दिवसात. गाय पुन्हा गाभण राहिली, किंवा दुधाचा भाव चढला, की मुसके आले. काटे गाईच्या कासेला टोचतात, गाय लाथ मारते, वासरू मार खाते आणि दोघांचेही वजन उतरते. शेणाचा लेप तर त्याहून घातक. ज्या सडांतून आपण माणसांच्या मुखी दूध घालतो त्यांनाच घाण माखणे आणि मग कास सुजली म्हणून दैवास बोल लावणे शहाणपणाचे नव्हे. वासरू दिवसास ठरीव खुराक स्वतः खाऊ लागले आहे असे पाहून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू दूध कमी करावे. मध्ये कूड घालून गाय आणि वासरू एकमेकांस दिसतील, चाटू शकतील, परंतु कासेशी तोंड पोहोचणार नाही असे बांधावे. पी हळद आणि हो गोरी, असे येथे चालत नाही.

ह्याच संदर्भात एका गंभीर गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वासरू मेले की गाय पान्हा सोडीत नाही. तेव्हा पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. आता कित्येक ठिकाणी ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. वासरू गमावल्याची भरपाई सुईने करता येते हे एकदा कळले म्हणजे वासरू जगविण्याची निकडच उरत नाही, आणि गोऱ्हा असेल तर मग विचारावयासच नको. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने फुंक्यासारखी क्रूर रीत आणि दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक द्रव्य टोचणे हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. कायद्याचे भय असो वा नसो, ज्या गोठ्यात सुईवर धार निघते त्या गोठ्यात पुढच्या पिढीची गाय तयार होत नाही. त्याला दरवेळी बाजारातून गाय आणावी लागते, आणि ते पैसे दुधाच्या हिशेबात कोणी मांडीत नाही.

दोष कोणाचा, असे विचारले तर आम्ही सालगड्यास दोष देणार नाही. बहुतेक मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी धार गडी काढतो, आणि वासरांचे सारे घरातील बायामाणसे पाहतात. मालक संध्याकाळी एकच प्रश्न विचारतो: आज किती भरले? आकडा कमी आला की गड्यावर शब्द येतो. मग तो गडी दुसऱ्या दिवशी राखलेला सड पिळतो आणि वासरू आखूड बांधतो. त्याने तरी दुसरे काय करावे? किटली मापाने मोजली जाते, वासरू कोणी मोजीत नाही. आणि जे मोजले जात नाही ते गोठ्यात नेहमी उपाशी राहते. दुष्काळात तर हे विशेष दिसते. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात जागोजाग चारा छावण्या उभाराव्या लागल्या. अशा काळात गाय जगविण्याची धडपड सगळे करतात, ती योग्यच, परंतु पहिली काटछाट होते ती वासराच्या दुधातच. त्या वर्षी खुरटलेली कालवड पुढे वर्ष-दीड वर्ष उशिरा माजावर येते, आणि तिचा खर्च तेवढाच काळ फुकट सोसावा लागतो. त्या उशिराची किंमत वाचविलेल्या दुधाशी ताडून पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.

म्हणून आम्ही आपल्या सभासदांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. प्रत्येकाच्या घरी दुधाची वही आहेच. तिच्यात ‘वासरू’ असे आणखी एक घर आखावे आणि त्यात रोज वासराच्या वाट्यास किती सड किंवा किती लिटर गेले ते लिहावे. पंधरा दिवसांतून एकदा छातीचा घेर फितीने मोजून तो त्याच वहीत टिपावा. घेर वाढत नसेल तर काही चुकते आहे हे मालकाच्या ध्यानात येईल. गड्याला विचारावयाचे प्रश्न दोन करावेत: किती भरले, आणि वासरू किती प्याले? रबरी बोंडे आणि मापाच्या बाटल्या आपल्या मंडळीने एकत्र मागवून सभासदांस मूळ किमतीत द्याव्यात. ह्यास मोठा पैसा लागत नाही आणि सरकारी मदतीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

लाल कंधारी आणि देवणी ह्या आपल्या मराठवाड्याच्या जाती. उन्हाचा ताप आणि निकस चारा सोसून जगणारे, कामाला चिवट असे दुसरे जनावर ह्या भागाला मिळणे कठीण. कृत्रिम रेतनाने वा विकत आणलेल्या वळूने जात सुधारते हे खरे. परंतु उत्तम वळूचे वासरू पहिल्या तीन महिन्यांत उपाशी राहिले तर वळूचा गुण त्याच्या अंगी दिसावा कसा?

अश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या दिवशी, आपण गाईची पूजा करतो ती सवत्स करतो. वासरावाचून ती पूजा होत नाही. त्या दिवशी कित्येक घरांत गाईचे दूध खात नाहीत. एक दिवस घरी दूध न घेता ज्या घराचे काही बिघडत नाही, त्या घराने उरलेल्या दिवसांत वासराचे दोन सड राखले तर त्याचे काय बिघडणार आहे? ह्या वर्षीच्या वसुबारसेस ओवाळून झाल्यावर वहीत ते नवे घर आखावे, आणि त्यातील पहिला आकडा मालकाने स्वतःच्या हाताने लिहावा.